स्वेटर कधी ठेवायचा?

माणसाच्या आयुष्यात काही प्रश्न असे असतात, की भल्याभल्यांना त्यांची उत्तरं सापडत नाहीत. आत्मा अमर आहे काय? जग सत्य की माया? आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्वेटर ट्रंकेत ठेवावा की न ठेवावा? पहिल्या दोन प्रश्नांवरून आमच्या घरात आजवर कधीही भांडण झालेलं नाही. तिसऱ्यावरून दर वर्षी होतं.

आम्ही मुलुंडला राहतो. मुलुंडला थंडी पडते. हे दुसरं वाक्य मी जरा दबक्या आवाजातच म्हणतो, कारण आमच्या बँकेत गिरगाव-दादरकडची मंडळी बरीच आहेत. मुलुंडला थंडी पडते असं म्हटलं की ती आपल्याकडे, एखाद्यानं 'आमच्याकडे वाघ येतो' म्हणावं तशा नजरेनं बघतात. (वाघ नाही, पण बिबळ्या येतो. तेही ते मानत नाहीत.) पण गोष्ट खरी आहे. आमच्या एका अंगाला नॅशनल पार्कचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्टेशनकडे निघालं की कानाला मफलर गुंडाळलेली माणसं, तोंडातून वाफ काढून दाखवणारी शाळकरी पोरं आणि चहाच्या टपरीवर दोन्ही हातांनी ग्लास धरून उभे असलेले लोक दिसतात. मुंबईकर ग्लास दोन्ही हातांनी धरतो, म्हणजे थंडी आहे असं खुशाल समजावं. एरवी त्याचा एक हात कायम बॅगेवर असतो.

तर ही थंडी संक्रांतीच्या आगेमागे चार दिवस येते आणि जाते. ती गेली की आमची ही ट्रंक खाली काढते. शाली, मफलर, मुलीची कानटोपी, माझा हाफ स्वेटर असा सगळा ऐवज डांबरगोळ्यांसकट ट्रंकेत जातो आणि ट्रंक माळ्यावर. या सोहळ्याला एकच गालबोट लागतं. ते म्हणजे आमचे तीर्थरूप.

"सूनबाई, माझा स्वेटर राहू दे बाहेर. अजून एक थंडी यायची आहे."

"बाबा, घामाच्या धारा लागल्यात. पंखा तीनवर आहे."

"पंखा असू दे. थंडी यायची आहे."

बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांचा स्वेटर बाटलीहिरव्या रंगाचा आहे, म्हणजे एके काळी होता. कोपरावर विरलेला आणि एका बाजूला दोन बोटं लांब. तो आईनं विणलेला आहे. विणताना तिचं लक्ष रेडिओकडे होतं, त्यामुळे डावी बाजू श्रुतिकेच्या लांबीइतकी वाढली, असा बाबांचा आरोप होता. आई तो शेवटपर्यंत नाकारत असे.

थंडीच्या बाबतीत बाबांचा अधिकार मोठा आहे. त्यांनी १९६२ सालची थंडी पाहिली आहे. त्या वर्षी २२ जानेवारीला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर आला होता. मुंबईचा तो नीचांक आजही कायम आहे. त्याच पहाटे कुलाब्याला ११.७ होतं. म्हणजे एकाच शहराच्या दोन टोकांत ४.३ अंशांचा फरक! मी हे आकडे आमच्या दादरवाल्यांना पाठ म्हणून दाखवतो. कुलाबा हे तीन बाजूंनी समुद्राच्या कुशीत बसलेलं लाडावलेलं पोर आहे. रात्री पाणी जमिनीइतक्या लवकर गार होत नाही, त्यामुळे त्याला ऊब मिळते. उपनगरांवर ही माया कमी. सरकारी आकडे कुलाब्याचे आणि सांताक्रूझचे. मुलुंडचा आकडा त्या यादीत नसल्यामुळे बाबांना तो ठरवायची पूर्ण मोकळीक आहे.

त्या सोमवारी सतरा-अठरा वर्षांचे बाबा पहाटे दुधाच्या सेंटरवर रांगेत उभे होते. मी लहान असताना त्या गोष्टीत मुलुंडचा पारा सहावर होता. मी कॉलेजात गेलो तेव्हा पाचवर आला. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगताना चार. माझ्या मुलीच्या पिढीत बाबांची बोटं दुधाच्या बाटलीला चिकटून बसायला लागली आहेत. सरळव्याजानं हिशेब केला, तर नातवंडांच्या लग्नापर्यंत मुलुंडला बर्फ पडलेला असेल.

पण गंमत बाजूला ठेवून विचारलं, की बुवा, थंडी एकदा गेली, ऊन तापायला लागलं, आंब्याचा मोहोर दिसायला लागला, तरी ती परत येऊ शकते का? तर उत्तर 'येऊ शकते' असंच द्यावं लागतं. मी बी.कॉम. झालेला माणूस. पुरावा असल्याशिवाय व्हाउचर पास करत नाही. तेव्हा पुरावा देतो.

८ फेब्रुवारी २००८. सांताक्रूझ ८.५ अंश. ९ फेब्रुवारी २०१२. सांताक्रूझ ८.८ अंश. दोन्ही तारखा फेब्रुवारीतल्या. २०१२ साली तर वसंतपंचमी २८ जानेवारीलाच होऊन गेली होती. पंचांगाप्रमाणे वसंताचं स्वागत झालं, सरस्वतीची पूजा झाली, आणि त्यानंतर बारा दिवसांनी मुंबई कुडकुडली!

तशी ही वसंतपंचमीसुद्धा एक गंमतच आहे. वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा आणि त्याची पंचमी माघात, म्हणजे ऐन शिशिरात. पाहुणा यायला दीड-दोन महिने आहेत आणि आपण पाट मांडून, रांगोळी काढून मोकळे. उलट थंडीला निरोप द्यायला मात्र आपण कमालीचे कचरतो. महाशिवरात्रीला ती 'शिव शिव' म्हणत जाते असं म्हणतात. बरं, गेली म्हणावं, तर पुढे म्हण तयारच असते : होळी जळाली, थंडी पळाली. म्हणजे शिवरात्रीला गेलेली बाई होळीपर्यंत दारातच उभी राहून बोलत होती!

काश्मिरी माणसं या बाबतीत आपल्यापेक्षा व्यवस्थित. कडाक्याच्या चाळीस दिवसांना ते 'चिल्लई कलान' म्हणतात. ते २१ डिसेंबरला सुरू होतात. ते संपले की वीस दिवसांची 'चिल्लई खुर्द', म्हणजे धाकटी थंडी. आणि तीही गेली, की दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. थंडीचं शेंडेफळ! त्यानंतर मार्चमध्ये बर्फ पडला, तरी तिथं कुणाला नवल वाटत नाही. उशिरा येणाऱ्या थंडीला ज्यांनी नाव ठेवलंय, त्यांना ती येईल का असा प्रश्नच पडत नाही. नाव ठेवलं की माणूस घरचाच होतो.

आणि आपली थंडी तरी तिथूनच येते. पश्चिमेकडून येणारे वाऱ्यांचे झोत हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकले, की मागून उत्तरेचा कोरडा, गार वारा सुटतो. तो राजस्थान, गुजरात ओलांडून कधीकधी मुंबईपर्यंत पोचतो. आकाश निरभ्र असलं आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यानं जरा दम धरला, की पहाटे आपल्याकडे पारा घसरतो. वारा फिरला, की संपलं. फेब्रुवारी हा महिनाच असा लहरी. सांताक्रूझला त्यानं ८.५ अंशही दाखवले आहेत आणि १९६६ सालच्या २५ तारखेला ३९.६ सुद्धा! आमच्या एका जुन्या मॅनेजरसाहेबांचा स्वभाव नेमका असा होता. रजेचा अर्ज कुठल्या दिवशी पुढे करावा, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

२०१२ची ती पहाट आमच्या घरात अजून गाजते. ट्रंक आठवड्यापूर्वीच माळ्यावर गेली होती. पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरातून धडपड ऐकू आली. जाऊन पाहतो, तर बाबा स्टुलावर उभे आणि ट्रंक त्यांच्या छातीवर टेकलेली. मी धावत जाऊन एका हातानं ट्रंक आणि एका हातानं बाबा धरले. तेवढ्यात ही आली. "अहो, थंडीपेक्षा स्टूल महागात पडलं असतं," ती म्हणाली. बाबांनी त्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी स्वेटर झटकला, डांबरगोळ्यांच्या वासासकट अंगात घातला आणि गॅलरीत जाऊन, निवडून आलेल्या उमेदवारासारखे उभे राहिले. खालून जाणाऱ्या प्रत्येकाला "काय, म्हणत होतो ना?" असं विचारत होते. त्यातल्या निम्म्या लोकांना ते काय म्हणत होते हेच माहीत नव्हतं.

त्या एका पहाटेच्या पुण्याईवर बाबा इतकी वर्षं स्वेटर बाहेर ठेवून घेत आले आहेत. आणि मला प्रश्न पडतो तो इथंच. 'होऊ शकतं' आणि 'होईल' यांत अंतर किती? लॉटरी लागू शकते, पण म्हणून कुणी तिच्या भरवशावर फ्लॅट बुक करत नाही. ज्या गोष्टीचा मोसम उलटून गेलाय, तिची वाट पाहत बसणं ही आशा म्हणायची की हट्ट? आमची ही म्हणते, हट्ट. बाबा म्हणतात, अनुभव. मी बराच काळ बाबांच्या बाजूनं होतो. वाट बघायला पैसे थोडेच पडतात, असं माझं मत होतं.

हे मत २०१४ साली जरा डळमळलं. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा गारपीट झाली. रात्री जेवताना टीव्ही लावला, तर मराठवाड्यातलं कुठलंसं शेत दाखवत होते. सगळं पांढरंशुभ्र. बांध पांढरा, रस्ता पांढरा, झोपडीचं छप्पर पांढरं. मी आमटीचा भुरका घेत म्हणालो, "वा! अगदी काश्मीर!" आणि तेवढ्यात कॅमेरा फिरला. त्या पांढऱ्यावर एक माणूस उकिडवा बसला होता. हातात आडव्या झालेल्या गव्हाची मूठ होती. तो काहीच बोलत नव्हता. वार्ताहर मात्र त्याला "आपल्याला कसं वाटतंय?" असं विचारत होता.

मी पुढचा भात न बोलता खाल्ला. बर्फ बघायची हौस आपल्या सगळ्यांनाच असते. मुंबईची माणसं मे महिन्यात पैसे साठवून रोहतांगला जातात आणि भाड्याच्या गमबुटात फोटो काढून येतात. तो बर्फ त्याच्या घरी असतो. इथं तो भलत्या वेळी, भलत्याच्या घरी आला होता. त्याच्याही घरात एखादी दहावीची परीक्षा असेल, एखादं ठरलेलं लग्न असेल. आणि मी इकडे भुरके घेत काश्मीर बघत होतो.

तेव्हापासून 'अजून एक थंडी यावी' असं म्हणताना माझी जीभ अडखळते. नाशिककडे निफाडला थंडी उतरली, की गव्हाला बरं असतं आणि द्राक्षाला वाईट. मण्यांची फुगवण थांबते, तयार मणी तडकतात. मग द्राक्षवाले पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. एकाच शिवारात, एकाच पहाटे, बांधाच्या अलीकडचा शेतकरी देवाला हात जोडतो 'पड' म्हणून आणि पलीकडचा जोडतो 'पडू नको' म्हणून. देवाला बँकेत नोकरी दिली पाहिजे. एकाच खात्याच्या दोन्ही बाजू जुळवायची सवय त्याच्याइतकी कुणालाच नाही.

पण मला खरं गप्प केलं ते देवगडच्या मावसभावानं. त्याची हापूसची पंचवीसेक कलमं आहेत. एका फेब्रुवारीत मुंबईत छान गारवा होता. मी उत्साहानं फोन केला. "काय रे, मस्त थंडी पडली. आंब्याला थंडी लागते ना? मजा आहे तुझी!"

"मजा कसली? पुनर्मोहोर आला," तो म्हणाला.

मला शब्द ऐकायला फार गोड वाटला. एखाद्या कवितासंग्रहाचं नाव असावं तसा. मग त्यानं समजावून सांगितलं. हापूसला मोहोर यायला थंडी हवी, हे खरं. पण ती वेळेवर हवी. एकदा मोहोर आला, कैऱ्या धरल्या, वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या झाल्या, आणि मग जर पुन्हा कडक थंडी पडली, तर त्याच डहाळ्यांना नवा मोहोर फुटतो. झाडाचा सगळा रस त्या नव्या मोहोराकडे धावतो आणि आधी धरलेली कैरी पिवळी पडून गळून जाते. नव्या मोहोराला फळ धरेल न धरेल, धरलं तर ते पावसाच्या तोंडावर. ते टळावं म्हणून औषधं फवारावी लागतात. "झाड बघायला सुंदर दिसतं रे," तो म्हणाला. "खाली बघायचं नाही."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो. कारण त्याच महिन्यात मला व्हायोलिन शिकायची हुक्की आली होती. वय वर्षं त्रेचाळीस. लहानपणी शिकायचं राहून गेलं होतं. क्लास संध्याकाळी सात ते आठ, म्हणजे मुलीला गणित शिकवायची वेळ. मुलगी दहावीत. मी तीन आठवडे व्हायोलिनमधून निरनिराळ्या जातींच्या मांजरांचे आवाज काढले आणि मुलगी भूमितीत नापास झाली. घरात मला कुणी काही बोललं नाही. पण खाली कैरी पडलेली मला दिसत होती. व्हायोलिन मी परत केलं. शिकायचं नाही असं नव्हे. तिची दहावी झाल्यावर रविवारी सकाळी गेलो. आता माझ्या हातून निदान एकाच जातीचं मांजर येतं.

तर उशिरा येणाऱ्या गोष्टींची वाट बघावी का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं तयार होत आलं होतं, की बाबा रे, आधी हिशेब बघ. तुझ्या आशेचे पैसे कोण भरतंय ते बघ. गेल्या फेब्रुवारीत ट्रंक खाली आली तेव्हा हे सगळं मी बाबांना ऐकवायचं ठरवलं. ही आतून ऐकत होती. मी द्राक्षं सांगितली, गारपीट सांगितली, पुनर्मोहोर सांगितला. अगदी साग्रसंगीत. बाबा मांडीवर स्वेटर घेऊन शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "बरोबर आहे तुझं. द्राक्षवाल्यांचं वाईटच होतं."

"मग? कशाला थंडीची वाट बघता?"

"मला थंडी कुठं हवीय रे? या वयात थंडी बाधतेच." त्यांनी स्वेटरच्या लांब बाजूची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "पण मुंबईत उगाचच स्वेटर घातला, तर लोक विचारतात, काय काका, ताप आहे का? म्हणून म्हणतो, थंडी यायची आहे. तेवढं म्हटलं, की तो बाहेर राहतो."

मी काही बोललो नाही. आतली भांड्यांची खुडबुडही थांबली होती. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या साड्या वाटून झाल्या, चष्मा कुठल्याशा ड्रॉवरमध्ये गेला. आणि हा स्वेटर दर वर्षी दहा महिने डांबरगोळ्यांत पडून असतो आणि दोन महिने दाराआडच्या खुंटीवर. इतकी वर्षं मी हवामानाचा वाद घालत होतो. बाबा हवामानाबद्दल बोलतच नव्हते.

आणि माझा सगळा हिशेबही तिथं चुकला. म्हणजे तत्त्व बरोबर होतं, फक्त खातं दुसरं होतं. पुनर्मोहोराला झाडाचा रस लागतो. गार पडली की कुणाचं तरी शेत जातं. पण बाबांच्या आशेला लागते ती एक खुंटी. तिच्यामुळे देवगडची एक कैरी गळत नाही, निफाडचा एक मणी तडकत नाही. येणारच म्हणून जगाला वेठीला धरणं हा हट्ट. आली तर हाताशी असावा म्हणून स्वेटर खुंटीवर ठेवणं ही आशा. आणि ती न आली तरी खुंटीला कुठं ओझं होतं?

ही बाहेर आली. ट्रंक बंद केली. मला म्हणाली, "अहो, चढवा माळ्यावर." मग बाबांकडे वळून म्हणाली, "बाबा, तुमचा स्वेटर राहू दे बाहेर. कालच कुणीतरी म्हणत होतं, अजून एक थंडी यायची आहे म्हणून."

आमच्या घरात असं कुणीही म्हणालं नव्हतं. पण मी व्हाउचर मागितलं नाही.

होळी झाली, पाडवा झाला. गुढीखाली पन्हं घेताना घामानं सगळ्यांचे सदरे अंगाला चिकटले होते. परवा सकाळी शेजारचे काका पेपर मागायला आले. पंखा पाचवर गरगरत होता आणि त्याच्या बरोबर खाली, बाटलीहिरवा स्वेटर घालून, बाबा चहा पीत बसले होते.

काकांनी एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे. "काय हो, थंडी वाजते की काय?"

"छे छे," बाबा म्हणाले, "अजून यायची आहे."